जखमा 'लादायच्या' कशा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर म्हापशातल्या मारामारीची बातमी आहे. 'संशयिताने बुक्क्यांनी फिर्यादीच्या तोंडावर गंभीर जखमा लादल्या.' कर लादतात, अटी लादतात, गाढवावर ओझे लादतात. जखमा कशा लादतात ते बातमीदारांनी एकदा करून दाखवावे. तोंड त्यांनी स्वतःचेच आणावे.

पोलिसांच्या इंग्रजी प्रेस नोटमध्ये 'इन्फ्लिक्ट' असणार, हे ती न बघताही सांगता येते. या क्रियापदाचे कर्म माणूस नसतो, इजा असते; माणूस 'ऑन'नंतर येतो. माणूसच कर्म असेल तर 'इन्जर' किंवा 'हर्ट', रोगाने ग्रासला तर 'अफ्लिक्ट'. मराठीला एवढा खटाटोप लागत नाही. 'बुक्के मारून तोंड फोडले' म्हटले की झाले. फारच उघडे वाटत असेल तर 'तोंडाला दुखापत केली' लिहा. त्याच नोटमधला 'सस्टेन' हा मार खाणाऱ्याच्या बाजूचा. त्याचे तुम्ही 'जखमा टिकवल्या' केले आहे! बिचाऱ्याला जखमा झाल्या, एवढेच.

पुढे 'ओठ कापला' आहे. मूळ शब्द 'लॅसरेशन' असावा. बोथट माराने कातडी फाटते, कडा वेड्यावाकड्या होतात. धारेने कापली तर कडा सरळ येतात. 'कापला' वाचले की वाचकाला सुरी दिसते. 'कन्ट्यूजन' म्हणजे मुका मार. त्याचा अजून 'गोंधळ' झाला नाही, हे नशीब.

आणि 'गंभीर' कुठून आले? 'ग्रीव्हस हर्ट'ला कायद्याच्या मराठीत 'जबर दुखापत' म्हणतात. तिचे आठ प्रकार भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये दिले आहेत. हाड किंवा दात मोडला की दुखापत जबर, मग जखमी संध्याकाळी चालत घरी का जाईना. ओठाला चार टाके पडले, पण चेहरा कायमचा विद्रूप झाला नाही आणि जिवाला धोकाही नाही, तर साधी. तीव्र वेदना किंवा नेहमीचे कामकाज बंद ठराविक दिवस राहिले तरी जबर; याची जुनी मुदत 20 दिवसांची होती. 1 जुलै 2024 पासून, ही संहिता लागू झाल्यावर, ती 15 झाली. साध्या दुखापतीला कलम 115(2) खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जबर दुखापतीला 117(2) खाली सात वर्षांपर्यंत कैद, वर दंड. तुमच्या बातमीत वर 'गंभीर जखमा' आणि तळाला 115(2). वाचकाने कशावर विश्वास ठेवायचा?

जाता जाता, त्याच पानावर डिचोलीचे 'बिचोलिम' आणि पेडण्याचे 'पेर्नेम' झाले आहे. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) तेवढे बरोबर छापलेत, आभार.

आपला,
एक वाचक, फोंडा