तिघेच, पण पुरे

पुणे, रविवार

प्रिय संज्या,

'म्हाताऱ्यांनी पुन्हा एकत्र येऊन केलेल्या कॉन्सर्ट कशाला बघायच्या, पेन्शनच ती,' असं तू फोनवर म्हणालास. बहुतेक वेळा तुझं खरंच असतं. पण 'द पोलीस' या रॉक बँडची 'सर्टिफायेबल' ही कॉन्सर्ट-फिल्म बघ आणि मग बोल. डिसेंबर २००७मध्ये अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट स्टेडियमवर दोन रात्री चित्रित केलेली. गाणारा आणि बेस वाजवणारा स्टिंग तेव्हा ५६चा, ड्रमवाला स्टुअर्ट कोपलंड ५५चा आणि गिटारवाला अँडी समर्स महिनाअखेरीला पासष्टी गाठणारा.

स्टेजवर हे तिघेच, बाकी कोणी नाही. त्यांच्याच १९८३च्या अटलांटाच्या फिल्ममध्ये मागे तीन गायिका होत्या, आठवतं? इथे कोरस नाही, कीबोर्ड नाही, लपायला जागाच नाही. एक घसरला की बाकी दोघांची तारांबळ. आणि घसरलेही होते बरं का. २००७च्याच मे महिन्यात व्हँकुव्हरला हा दौरा सुरू झाला, तर दुसऱ्याच कार्यक्रमानंतर कोपलंडने स्वतः जाहीर लिहून टाकलं की आम्ही फार वाईट वाजवलं! ब्युनोस आयर्सपर्यंत मात्र सहा महिने घोटून घोटून हात बसलेत.

'रॅप्ड अराउंड युअर फिंगर' नीट बघ. सुरुवातीला कोपलंड ड्रमवर नसतोच. हातमोजे, कपाळाला पट्टी, भोवती टांगलेल्या घंटा-झांजा. त्यांच्या मधोमध उभा राहून इथे एक टिंग, तिथे एक टिंग. गाणं चढायला लागलं की पळत येऊन ड्रमवर बसतो आणि सगळं एकदम अंगावर येतं. मी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावतो, घरचे वैतागलेत. 'वॉकिंग ऑन द मून'मध्ये उलट खेळ. बेसचे मोजके स्वर, गिटारचा एकच झंकार हवेत सोडलेला, आणि रेग्गे या जमैकन संगीताच्या रिवाजाप्रमाणे सम मोकळी. आपल्या तबलजीला ऐकवलं तर तो अस्वस्थ होईल.

तक्रारी आहेतच. एडिटिंग भलतंच उतावीळ, अँडीच्या बोटांवर कॅमेरा जरा स्थिरावला की लगेच कट. काही गाणी मूळ पट्टीच्या खाली घेतलीत, पण त्या वयात तो शहाणपणाच म्हणायचा.

हेच तिघे मार्च १९८०मध्ये मुंबईत रंगभवनात वाजवून गेले होते, माहितेय ना? तुझे काका तेव्हा झेवियर्स कॉलेजला, म्हणजे अगदी शेजारीच. विचार त्यांना, गेले होते का ते. त्याच वर्षअखेरीला हे तिघे ब्युनोस आयर्सलाही गेले होते, तेव्हा तिथे लष्करी राजवट होती. कार्यक्रमात एक पोलीस प्रेक्षकांतल्या मुलीवर हात उगारत होता, म्हणून अँडीने त्याला स्टेजवरूनच लाथ घातली! २००७ची तिथली गर्दी ज्या जिवाच्या आकांताने उड्या मारते, ती बघताना हे लक्षात ठेव.

सोबत 'बेटर दॅन थेरपी' हा माहितीपटही आहे, कोपलंडच्या मुलाने, जॉर्डनने केलेला. आधी कॉन्सर्ट बघ, मग तो. तिघांची एकमेकांवरची कुरकुर तेव्हाच जास्त मजा देते.

डिस्क शनिवारी कुरियर करतो. परत पाठव मात्र, मागच्या दोन अजून तुझ्याकडेच आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मंदार