विमानाला इंजिन नाही, आप्पा

फुल्डा, जर्मनी
महाशिवरात्रीची आदली रात्र

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. खोकला गेला, जेवतो वेळेवर, हीटर चालू असतो. आई पत्रात आधी एवढंच शोधते म्हणून वरतीच लिहून टाकलं. ऑफिसचं नेहमीचंच. उद्या कुणकेश्वरची जत्रा, आणि इथे खिडकीच्या कठड्यावर बर्फ साचलाय. सकाळपासून जिभेवर जत्रेतल्या गोड खाज्याची चव आहे. आप्पा, यंदा दर्शनाच्या रांगेत गुडघा घेऊन उभे राहू नका, दादाला पुढे घाला. आणि जत्रेला बंड्या मुंबईहून येणारच असेल, तर आजीच्या वाटचं खाजं त्याच्या हाती देऊ नका.

परवा फोनवर आप्पांचा आवाज तुटत होता, पण ‘विमान घेतलं म्हणे’ एवढं स्वच्छ ऐकू आलं. बंड्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी त्याला एक फोटो पाठवला, त्याचं पुढे वाडीत काय झालं असेल ते मला इथे बसून दिसतंय. म्हणून हे पत्र. फोनवर समजावायला गेलो की आप्पा ‘बरं बरं’ म्हणतात आणि फोन आईकडे देतात.

तर, विमान घेतलेलं नाही. विमानाचं किट आणलंय आणि ते मी बांधतोय. एका लांब खोक्यात लेसरने कापलेले लाकडाचे तुकडे, पट्ट्या, गुंडाळी केलेला नकाशा आणि थोडं लोखंडी सामान येतं. बाकी सगळं आपण करायचं. ज्याची ही नक्कल, ते खरं विमान म्हणजे ‘का ८’ नावाचं, एकाच माणसाने बसायचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान. ते १९५७ साली पहिल्यांदा उडालं, आणि ते बनवणारा कारखाना पॉपेनहाउझेनला, माझ्या घरापासून गाडीने फार तर अर्ध्या तासावर. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १५ मीटर. माझं त्याच्या चौथाई, म्हणजे पावणेचार मीटर. आप्पा, टेप घ्या आणि पुढच्या पडवीत सव्वाबारा फूट मोजा. आता बंड्या ‘खेळणं’ म्हणाला की त्याला तिथे उभा करा. एवढं लांब असून वजन चार-पाच किलोच्या आत बसेल. माझ्या हातात रिमोट, विमानात रिसीव्हर, आणि पंख-शेपटीच्या झडपा हलवायला काडेपेटीएवढ्या मोटारी. त्यांना सर्वो म्हणतात.

इंजिन नाही. मग उडतं कसं, हा तुमचा पुढचा प्रश्न. तुम्ही ते रोज बघता. समुद्राकडून वारा आला की सड्याच्या कड्याला थडकतो, पुढे वाट नसते म्हणून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यात घारी पंख न हलवता लटकून असतात. देवगडच्या पवनचक्क्यांपाशी उभं राहिलं की टोपी उडते तो वारा. इथे वासरकुप्पे म्हणून ९५० मीटरचा डोंगर आहे, तिथे उतारावर उभं राहून विमान वाऱ्यात सोडतात. पहिल्या महायुद्धात हरल्यावर जर्मनीवर इंजिनाची विमानं बनवायला निर्बंध आले, तेव्हा इथली पोरं बिनइंजिनाची घेऊन त्या डोंगरावर चढली. १९२० साली तिथे ग्लायडरची पहिली स्पर्धा झाली. पोरं अजून खाली उतरलेली नाहीत, फक्त म्हातारी झाली. डोंगरावर ग्लायडरचं म्युझियम आहे, त्यात मॉडेलंही आहेत. तुम्ही आलात की तिथे पहिलं नेणार. आईला तिथलं सूप आवडणार नाही, पण वारा आवडेल.

लाकूड बाल्सा. ते इक्वेडोरहून येतं. आपल्या सावरीच्याच कुळातलं झाड, सहा-सात वर्षांत तोडणीला येतं, आणि सुकल्यावर तेवढ्याच सागाच्या जेमतेम पाव वजनाचं भरतं. नख लागलं तरी वण उठतो. पवनचक्कीच्या पात्यांच्या पोटातही बरेचदा हेच लाकूड असतं, हे मला इथे आल्यावर कळलं.

पण जोर जिथे पडतो तिथे बाल्सा चालत नाही. पंखात मुळापासून टोकापर्यंत पाइनच्या दोन पट्ट्या जातात, एक वर, एक खाली. त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बाल्साच्या चकत्या बसवायच्या आणि त्यांच्या रेषा उभ्याच हव्यात. आडव्या बसवल्या तर पंखावर भार आला की रेषेत चिरफळतात. चकत्या बसवण्याआधी पंख हातात लवलव करत होता. डिंक वाळल्यावर दुसऱ्या दिवशी तोच पंख मुळाशी धरून आडवा उचलला तर टोक जागचं हललं नाही. चार पैशांच्या लाकडाने एवढा फरक! मी तो उगाचच पुन्हा पुन्हा उचलून बघत होतो. आप्पांनी तो बघायला हवा होता. मापातलं चुकलेलं आप्पांना लांबून दिसतं, सुतारांना विचारा.

बांधायला एकदम सपाट पाट लागतो. इथल्या मॉडेल उडवणाऱ्यांच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांनी सल्ला दिला, जुना दरवाजा आण. तळघरात दोन लाकडी घोड्यांवर दरवाजा आडवा टाकलाय, त्यावर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक, आणि त्यावर एकेक बरगडी टाचण्यांनी उभी करायची. प्रत्येक बरगडी आधीच्यापेक्षा थोडी लहान. कापड चढवण्याआधीचा पंख म्हणजे जेवून झाल्यावर ताटात उरलेला बांगड्याचा काटा. फोटोत तोच होता, बंड्याला विमान कुठे दिसलं कोण जाणे.

आणखी एक गंमत. पंखाची टोकं मागच्या बाजूने किंचित वर उचलून चिकटवायची, म्हणजे पंखाला मुद्दाम पीळ द्यायचा. वेग फार कमी झाला की पंखाचा मुळाकडचा भाग आधी हवा सोडतो, टोकं शेवटपर्यंत धरून ठेवतात, त्यामुळे विमान एका अंगावर कलंडत नाही. पीळ मात्र दोन्हीकडे सारखा हवा, नाहीतर जन्मभर एकीकडेच वळत राहील. नाकात शिसं भरायचं, आपल्याकडे जाळ्याला लावतात तसलंच. पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर बोट ठेवून विमान उचललं तर ते सरळ राहायला हवं. शेपटी जड झाली तर रिमोट हातात असून नसल्यासारखा.

आता इथली एक गोष्ट, जी मला अजून पचलेली नाही. रविवारी इथे आवाज करायचा नाही. म्हणजे गाणी मोठ्याने लावू नयेत एवढंच नाही, ती तर नाहीतच. ड्रिल मारायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही. रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकायला रस्त्यावर मोठे डबे असतात, त्यांच्यावर वेळा लिहिलेल्या असतात आणि त्यात रविवार नसतो, कारण बाटली पडल्याचा आवाज होतो! दुकानं बंद. बेकरी सकाळी काही तास उघडी. औषधाचं दुकान गावात पाळीपाळीने एखादंच चालू. आईला वाटेल की हा शेजाऱ्यांचा शहाणपणा असेल. नाही, कायदा आहे, आणि साधासुधा नाही. १९१९ च्या त्यांच्या राज्यघटनेत एक कलम आहे की रविवार आणि सणाचे दिवस हे कामातून विसाव्याचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून राखले जातील. ती घटना गेली, हिटलर आला, तोही गेला, १९४९ साली नवी घटना लिहिली, आणि हे कलम मात्र उचलून तसंच्या तसं तिच्यात ठेवलं. मनाच्या उन्नतीचं, आई! आपल्याकडे रविवारी सकाळी मासळीच्या लिलावाला जो आवाज असतो तो इथल्या एखाद्या न्यायाधीशाला ऐकवायला पाहिजे. शनिवारी दुपारी सगळं गाव धावत असतं, कारण रविवारी दूध संपलं तर संपलं. पहिल्या वर्षी मला वाटायचं की गावात कोणी गेलंय.

तर मी रविवारी मशीनने घासत नाही. लाकडी ठोकळ्याला सँडपेपर लावून हाताने घासतो. तरी खालच्या मजल्यावरच्या आजी एकदा दारात आल्या. मला वाटलं, झालं. त्यांनी आत डोकावून बघितलं, पंखावरून हात फिरवला, आणि दुपारी केकचा तुकडा आणून दिला. तेव्हापासून हाताने घासायला त्यांची हरकत नाही. पेट्रोलची मॉडेलं उडवणाऱ्यांना बऱ्याच मैदानांवर दुपारी आणि रविवारी गप्प बसावं लागतं. ग्लायडरला आवाजच नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला. बघा, विचार करूनच घेतलंय.

आता तुमच्या शंका, आईने दादाकडून लिहून पाठवल्या त्या क्रमाने नाही, जमेल तसं.

धूळ छातीत जाते, बरोबर आहे. मास्क लावतो. तळघराला खिडकी आहे, लहान आहे पण आहे. डिंक म्हणाल तर बराचसा आपल्या फेव्हिकॉलसारखा पांढरा, जिथे पंख धडाला जोडतो तिथे तेवढा इपॉक्सी, तो हातमोजे घालून. जागरण फक्त शुक्रवार-शनिवार. ‘कोणाच्या डोक्यात पडलं तर’ याला इथे विमा आहे, आणि तो ऐच्छिक नाही, विम्याशिवाय मॉडेल उडवताच येत नाही. विमानावर माझा नोंदणी क्रमांकही चिकटवावा लागतो. पहिलं उड्डाण मी एकटा करणार नाही, क्लबातले अनुभवी कोणीतरी रिमोट धरतील. ‘तेहतीस वर्षांचा माणूस’ हे वाक्य कोणाचं ते मी ओळखलं. क्लबात मी सगळ्यांत लहान आहे. तिथे बहुतेक सगळे निवृत्त, नातवंडंवाले. माझं हसं होतंय ते फक्त आपल्या वाडीत.

आणि पैसे. किट माझ्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी पडलं. बरंच कमी. सर्वो, रिसीव्हर, बॅटरी हे वेगळं, पण ते पुढच्या विमानातही चालतं, म्हणजे तो खर्च या विमानावर धरायचा नाही. दारू नाही, सिगरेट नाही, बाहेर जेवणं नाही. इथे थंडीत चार-साडेचारलाच अंधारायला लागतं, आप्पा. चार वाजल्यापासून झोपेपर्यंत माणसाने काय करायचं, ते घरी बसून सांगणं सोपं आहे. रागाने लिहीत नाही, नुसतं सांगतो.

मागच्या पडवीच्या वाशांचे पैसे या आठवड्यात दादाच्या खात्यावर येतील. दिवाळीला पाठवतो म्हणालो होतो तेच हे, पण थोडे जास्त घातलेत. वासे बदलताना रीपही बदलून घ्या, जुन्या रिपांवर नवे वासे नको, आणि कौलं मृगाच्या आधी शाकारून व्हायला हवीत. आंब्यावरच्या थ्रिप्स किडीच्या फवारणीला लागतील ते वेगळे सांगा, वाशांच्या पैशांतून नको. दादा मागत नाही, मला माहीत आहे. म्हणून वहिनीला विचारीन. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाआधी होत असेल तर तारीख कळवा, त्याचे मी इथून परस्पर भरीन. आंब्याच्या पहिल्या पेटीच्या पूजेला मी नसणार, शिमग्याला पालखी घरी येईल तेव्हाही नसणार. गणपतीला रजा टाकली आहे. तिकीट काढलेलं नाही, पण रजा टाकली आहे.

कणकवलीच्या स्थळाचं. मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे, फोटोही बघितला. त्यांना पुढचं बोलू देऊ नका.

पंखाला कापड चढवतात, इस्त्रीने चिकटतं आणि उष्णता दिली की आकसून ताठ बसतं. ते एकट्याने होत नाही. एकाने टोकाला ताणून धरायचं, दुसऱ्याने इस्त्री फिरवायची. गेले काही शनिवार दुसरं टोक धरायला एक जण येते. अकोल्याची आहे, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. आईवडील दोघं शाळेत शिक्षक. इस्त्री तिच्या हातात असली की एक सुरकुती राहत नाही, माझ्या हातात असली की तिला पुन्हा करावं लागतं. मासे खाते, आई, हे मी आधी विचारून घेतलं. पहिल्यांदा काट्याला घाबरली, आता बांगडा नीट सोलते. आप्पा पुढे काय विचारणार ते मला ठाऊक आहे. त्याचं उत्तर पत्रात लिहिण्यासारखं नाही, फोनवर सांगेन, आणि तेव्हा ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे देऊ नका.

आजीला साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

आपला,
बाबू

ता. क. पत्र आजीला वाचून दाखवताना कणकवलीपर्यंत वाचा. पुढचं मी येऊन सांगतो. बंड्या घरात असेल तर तेवढंही नको.