ऊर्जामंत्री साहेब, साधाच मीटर द्या, पण आमच्या नावावर

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय, स. न. वि. वि.

पत्रं लिहायची मला सवय नाही, तेव्हा चूकभूल माफ असावी. सांगलीत माझं दूध-दह्याचं दुकान आहे. गाळा भाड्याचा, मीटर मालकांच्या नावावर, जिन्याखाली माझा सबमीटर. मालक युनिटला 18 रुपये लावतात. कंपनीचं बिल बघू द्या म्हटलं की ‘तुम्हाला काय करायचंय?’ तरी दर 5 तारखेला पैसे पाठवतो. शेवटचे 9,720 पाठवल्याचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये आहे.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं शिडी घेऊन आले आणि लाइट तोडून गेले. तिन्ही गाळ्यांचे पैसे मालकांनी घेतले होते, भरले नव्हते. थकबाकी 61 हजार. मी स्क्रीनशॉट दाखवला तर त्यातला एक म्हणाला, “भाऊ, कंपनीच्या कागदात तुम्ही नाहीच.” बिचारा खरंच बोलला. 2003 च्या वीज कायद्यात तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दिलीही असेल. मालकांना.

साहेब, पाडव्याला आमच्याकडे श्रीखंडाचं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. 70 किलो श्रीखंड, 25 किलो आम्रखंड डीप फ्रीजमध्ये. बर्फाच्या लाद्या आणल्या, ओली पोती टाकली, बायको रात्रभर झाकणं उघडून वास घेत बसली. पहाटे डब्यांची झाकणं फुगलेली. आठ वाजता गिऱ्हाइकांची रांग लागली आणि मी मागच्या मोरीत श्रीखंड ओतत होतो. वेलची-केशरासकट. पाच वर्षांची पोरगी विचारते, बाबा, सगळं का सांडताय?

आता कायद्याचं. वीज मागायचा हक्क जागेच्या मालकाला आहे तसा जागा वापरणाऱ्यालाही आहे, हे त्याच कायद्याच्या कलम 43 मध्ये आहे. मालकाची ना हरकत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलं. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांच्या 2024 च्या दुरुस्तीत नव्या जोडणीला महानगरात 3 दिवस, इतर शहरांत 7, खेड्यात 15 दिवस. मी दिवाळीनंतर अर्ज घेऊन गेलो. टेबलावरचे साहेब म्हणाले, पंधरा दिवसांत करून देतो, फक्त मालकाची ना हरकत तेवढी आणा. सुप्रीम कोर्टाचं सांगितलं तर हसले. पंधरा दिवसांचे पाच महिने झाले.

मालकाने वीज-पाणी तोडू नये म्हणून राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 29 आहे. पण ते भाडेकरूसाठी, आणि आमचा करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. वकील म्हणतात, तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक. कलम तुम्हाला लागेलच असं नाही. भाडं मात्र लागतं!

आणि गंमत बघा. जीएसटीचा नंबर काढताना याच गाळ्याचं लाइट बिल जोडलं, मालकांचं, तेव्हा ते चाललं. कर घ्यायला सरकारला मी बरोबर सापडतो. आमच्या ओळीत चहा पीत पीत मोजलं: 23 गाळे, स्वतःच्या नावावर मीटर 9 जणांचे. दोन-तीनने चुकलो असेन. अख्ख्या राज्यात असे किती लाख असतील? तुमच्याकडे आकडा आहे का? नसणारच, कारण आम्ही कागदात नाही. तुम्ही स्मार्ट मीटरचं म्हणता. मीटर हुशार झाला तरी बिल मालकांच्याच हातात पडणार असेल, तर त्या हुशारीचं आम्ही काय लोणचं घालायचं?

माझे 35 हजार गेले, ते मी मागत नाही. मागितले तरी कोणत्या खिडकीवर, ते विचारायला आणखी एक खिडकी लागेल. ना हरकतीची अट काढा. मालकाची थकबाकी असेल तर तोडण्याआधी गाळ्याच्या शटरवर एक कागद चिकटवा. डिंक आम्ही देऊ.

आपला,
सांगलीतला एक गाळेधारक

ता. क. उत्तर पाठवलंत तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवू नका. इमारतीला एकच टपालपेटी आहे आणि तिची किल्ली मालकांकडे असते.