कृत्रिम खुब्याचे स्टिकर रुग्णाच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६९. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खुबा बदलला, म्हणजे मांडीच्या हाडात दांडा, त्यावर गोळा आणि तो फिरायला कमरेच्या हाडात वाटी, असा कृत्रिम सांधा बसवला. पुढच्या चौदा महिन्यांत तो तीनदा निखळला. एकदा बुटक्या स्टुलावर बसून चप्पल घालताना, एकदा नणंदेकडच्या कमोडवरून उठताना, आणि तिसऱ्यांदा चक्क अंथरुणात कूस बदलताना. पाय आखूड होऊन आत वळतो. ती कळ शत्रूलाही नको.

तिन्ही वेळा भूल देऊन, पाय ओढून गोळा वाटीत बसवला आणि 'वाकू नका' असं बजावून घरी पाठवलं. मीच काहीतरी चुकते आहे, असं घरात सगळ्यांना वाटू लागलं. मलाही.

'का निखळतोय?' हे पहिल्यांदा विचारलं ते पुण्यातल्या डॉक्टरांनी. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की वाटीचं तोंड हवं तितकं पुढे वळलेलं नाही. शिवाय माझे कमरेचे मणके जुन्या ऑपरेशनात जोडलेले. त्यामुळे बसताना कंबर वळत नाही, सगळं वाकणं एकट्या खुब्याला करावं लागतं. मग जुनी वाटी काढून 'ड्युअल मोबिलिटी' वाटी बसवायचं ठरलं. तिच्यात छोटा गोळा प्लास्टिकच्या मोठ्या गोळ्यात फिरतो आणि तो मोठा गोळा धातूच्या वाटीत, म्हणून सहज बाहेर पडत नाही. फ्रान्समधल्या सेंट एतिएनच्या जिल बूस्के या सर्जननी ही रचना १९७० च्या दशकात केली, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मांडीच्या हाडातला दांडा पक्का होता, तो ठेवायचा होता. पण त्यावर नवा गोळा बसायचा तर दांडा कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा हे कळायला हवं. माझ्या डिस्चार्ज कार्डावर 'टोटल हिप रिप्लेसमेंट' एवढे तीनच शब्द! पहिल्या रुग्णालयातून जुनी फाइल मिळवायला मुलाने पाच खेपा घातल्या, ऑपरेशन तीन आठवडे लांबलं. कंपनी, माप, लॉट नंबर लिहिलेले स्टिकर त्या फाइलमध्येच चिकटवलेले होते.

माझी विनंती एवढीच, की सांधा बदलणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने हे स्टिकर डिस्चार्ज कार्डावरही लावून द्यावेत. आणि खुबा दुसऱ्यांदा निखळला, तर नुसता ओढून बसवण्यावर न थांबता कारण शोधावं. माझं ते तिसऱ्या वेळेनंतर शोधलं गेलं.

– एक निवृत्त शिक्षिका, वाई