काय सोडायचं ते आधी ठरव

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

समुद्र संशोधनाच्या प्रशिक्षण सफरीसाठी तुझी निवड झाली आणि त्यात काही दिवस मुख्य शास्त्रज्ञाची जबाबदारी तुझ्याकडे असेल, हे कळून आनंद झाला. मी त्या पदावर कधीच नव्हतो. पण माझी सगळी नोकरी विंचजवळ, म्हणजे केबल सोडणाऱ्या आणि ओढणाऱ्या यंत्राजवळ, उभं राहून सीटीडी (खोलीनुसार पाण्याची क्षारता आणि तापमान मोजणारं, बाटल्यांत नमुने भरणारं उपकरण) पाण्यात सोडण्यात गेली, त्यामुळे असे प्रमुख जवळून पाहिले, बरे आणि वाईटही. काय काय करायचं याची यादी सगळेच आणतात. वेळ कमी पडला तर आधी काय सोडायचं, हे लिहून आणणारा क्वचितच भेटला.

गणित करून बघ. केबल मिनिटाला साधारण 60 मीटर सुटते. 4,000 मीटर खाली जाऊन वर यायला सव्वादोन तास. वर येताना बाटल्या बंद करायला थांबावं लागतं, ते धरून तीन. पुढचं स्टेशन, म्हणजे जहाज थांबवून मोजणी करायची जागा, 30 सागरी मैलांवर आणि जहाजाचा वेग 10 नॉट असेल, तर तिथे पोचायला आणखी तीन. म्हणजे दिवसाला चार स्टेशनं, तीही सगळं सुरळीत चाललं तर. हवामानाने दोन दिवस खाल्ले की आठ गेली. कोणती आठ? हे डोलत्या जहाजावर, झोप न झालेल्या माणसांच्या बैठकीत ठरवायला घेतलंस तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच स्टेशनं वाचतात. नवख्या विद्यार्थ्याचा प्रबंध मात्र बुडतो.

पाण्याचंही तेच. 10 लिटरची बाटली, आणि त्यावर टपलेले शास्त्रज्ञांचे गट अनेक. नमुने घेण्याच्या क्रमाला कारण आहे: तोटी उघडली की हवा आत शिरते, म्हणून विरलेल्या वायूंचे नमुने आधी घेतात, क्षारतेचा सगळ्यात शेवटी. पण कोणाला किती पाणी, हे शास्त्र ठरवत नाही, तुलाच ठरवावं लागेल. तो हिशेब बंदर सोडण्याआधी सगळ्यांच्या देखत कर.

पर्यायी स्टेशनं परवानगीच्या अर्जातच घालायची असतात, हे बहुतेकांना उशिरा सुचतं. दुसऱ्या देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे त्याच्या किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात, काम असेल तर 1982 च्या सागरी कायदा कराराप्रमाणे किमान सहा महिने आधी सगळी माहिती द्यावी लागते, आणि त्या देशाला आपला शास्त्रज्ञ जहाजावर पाठवायचा हक्क असतो. अर्जात नसलेल्या जागी ‘इतके जवळ आलोच आहोत तर’ म्हणून उपकरण सोडता येत नाही.

कप्तानाबद्दल फार सांगत नाही. जहाजाच्या आणि माणसांच्या सुरक्षिततेत शेवटचा शब्द त्याचा. 1872 मध्ये ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज समुद्र संशोधनाला निघालं तेव्हाही शास्त्रज्ञांचे प्रमुख वायव्हिल थॉमसन होते, पण जहाज नेअर्स यांच्या हाती होतं. लाटा बघून कप्तान नाही म्हणाला तर हुज्जत घालू नकोस. आत्ता काय करता येईल ते विचार. सीटीडी डेकवर बांधून ठेवलं तरी पृष्ठभागाच्या पाण्याची मोजणी चालत्या जहाजावर होत राहते. आणि बोसनशी, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या प्रमुखाशी, रोज बोलत जा. केबलचा ताण, वारा, डेकवरची माणसं किती दमलीत, हे त्याला कागदावर यायच्या आधी कळतं.

तुझी मला एकच काळजी वाटते. प्रत्येक वेळी सीटीडी वर येताना तू स्वतः हजर राहशील, रात्री तीनलाही. तसं करू नकोस. प्रत्येक पाळीला प्रमुख नेम, कोणत्या कारणासाठी तुला उठवायचं ते त्याला लिहून दे, आणि खरंच झोप. ही सफर शिकण्यासाठीच आहे. काम दुसऱ्यावर सोपवणंही तिथेच शिकून घे.

स्टेशनांची यादी तयार झाली की पाठव, विंचच्या वेळा मी तपासून देतो. बाटल्यांसाठी थांबायची मिनिटं लोक हमखास विसरतात.

तुझा,
बाबा