कोटेशनमध्ये विंडोजची आवृत्तीही लिहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्यामुळे अनेक लहान कारखाने, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांच्यावर जुने संगणक बदलण्याची वेळ आली. अशा खरेदीसाठी तीन दरपत्रके मागवली जातात आणि तुलनात्मक तक्त्यात प्रोसेसर, रॅम, एसएसडी, वॉरंटी असे रकाने आखले जातात. विंडोजची आवृत्ती कोणती, म्हणजे घरगुती ‘होम’ की कार्यालयीन ‘प्रो’, हा रकाना मात्र बहुधा नसतो. ‘विंडोज ११ ओरिजिनल’ एवढ्यावर सर्वांचे समाधान होते आणि सर्वांत कमी दर भरणारा पुरवठादार होम आवृत्तीचे संगणक आणून देतो. यात त्याला दोष देता येणार नाही, कारण मागितले तेवढे त्याने दिलेले असते.

अडचण कळते ती संगणक डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढल्यावर. संस्थेचे सर्व संगणक आणि वापरकर्त्यांची खाती एका सर्व्हरवरून सांभाळण्याच्या व्यवस्थेला डोमेन म्हणतात; वर्कग्रुपमध्ये प्रत्येक संगणक आपापली खाती स्वतंत्र ठेवतो. संगणकाचे नाव बदलण्याची चौकट उघडली की ‘वर्कग्रुप’ निवडलेला दिसतो आणि ‘डोमेन’ हा पर्याय फिकट पडलेला असतो; कितीही क्लिक केले तरी तो दाद देत नाही. हा बिघाड नाही. विंडोज एक्सपीच्या काळापासून मायक्रोसॉफ्टने घरगुती आवृत्त्यांना डोमेनबाहेरच ठेवले आहे. विंडोज ७ मध्ये स्टार्टर, होम बेसिक आणि होम प्रीमियम यांना ही सोय नव्हती, आज ती होमला नाही. प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन यांना ती आहे.

पाच संगणकांच्या दुकानाला डोमेनची गरज नसते, हे मान्य. परंतु जिथे वीस-पंचवीस कर्मचारी एकाच सर्व्हरवरची खाती आणि कर्जप्रकरणे हाताळतात, तिथे कोणाला कोणते फोल्डर उघडता यावे, हे एकाच ठिकाणी ठरलेले असावे लागते. नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाचे खाते डोमेनमध्ये एकदा बंद केले की काम झाले; वर्कग्रुपमध्ये त्याच कामासाठी प्रत्येक संगणकावर जाऊन पासवर्ड बदलत फिरावे लागते, आणि एखादा संगणक हमखास राहून जातो. सभासदांचे आधार व पॅन क्रमांक ज्या संस्थेकडे साठवलेले आहेत, तिने हे नशिबावर सोडू नये.

होमवरून प्रोवर जाण्यासाठी संगणक फॉरमॅट करावा लागत नाही. सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावर प्रोची वैध ‘की’ (परवान्याचा सांकेतिक क्रमांक) भरली, की फायली आणि प्रोग्रॅम जागेवर ठेवून आवृत्ती बदलते. मात्र या कीचे पैसे वेगळे पडतात आणि मुळात दरपत्रकात वाचवलेली रक्कम इथे बाहेर पडते. मग कोणीतरी काही शे रुपयांत ऑनलाइन मिळणारी की सुचवतो. अशी की कोणाच्या परवान्यातून आली हे कळायला मार्ग नसतो आणि ती पुढे कधीही रद्द होऊ शकते, म्हणून संस्थेच्या पैशाने ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवृत्ती योग्य असूनही संगणक डोमेनला जोडला जात नसेल, तर पुन्हा फॉरमॅट मारण्याआधी डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा, पाहावा. राउटरने इंटरनेट कंपनीचा डीएनएस दिलेला असेल, तर संगणकाला डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर, सापडतच नाही. तिथे आपल्या सर्व्हरचा पत्ता हवा. घड्याळही तपासावे, कारण संगणक आणि सर्व्हर यांच्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की केर्बेरॉस ही डोमेनमधील ओळख तपासणारी पद्धत लॉगिन नाकारते. लिनक्सवर चालणारे संगणकही या डोमेनमध्ये सामील करता येतात, तेव्हा केवळ त्या कारणाने त्यांना बाहेर ठेवण्याचे प्रयोजन नाही. याउलट, यंत्राला जोडलेला एखादा जुना एक्सपी संगणक चालावा म्हणून साऱ्या सर्व्हरवर एसएमबी १ ही फायली शेअर करण्याची जुनी पद्धत सुरू करून देणारे तंत्रज्ञ अजूनही भेटतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी १ मधील त्रुटीचा फायदा घेऊन. असा संगणक जाळ्यापासून वेगळाच ठेवावा.

तेव्हा खरेदी समित्यांना विनंती अशी, की दरपत्रक मागवतानाच ‘विंडोज ११ प्रो, डोमेनला जोडता येणारी’ असे शब्द लिहावेत आणि माल ताब्यात घेताना सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर आवृत्ती पाहूनच चलनावर सही करावी. विक्रेत्यांनीही आपल्या कोटेशनमध्ये होम की प्रो, हे न विचारता नमूद करावे. सहकारी संस्थांच्या प्रशिक्षणवर्गांत संगणक खरेदीवर बोलले जाते, तिथे या एका रकान्याची भर घालणे अवघड नाही.

आपला,
एक नेटवर्क व्यवस्थापक, पिंपरी-चिंचवड