विषय : मोटरसायकलच्या टाकीच्या झाकणातून पेट्रोलमध्ये पाणी, चौथी तक्रार, आता लेखी

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

काल तुमच्या हेल्पलाइनवर २२ मिनिटं गेली, त्यातली १४ बासरी ऐकण्यात. फोन ठेवून पाच मिनिटं होत नाहीत तोच मेसेज आला : ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.’ समाधान नेमकं कोणाचं झालं, तेवढं कळवा.

गाडी तुमचीच आहे, तिचं वर्णन तुम्हाला करत बसत नाही. बिघाड मात्र पुन्हा सांगावा लागतोय, कारण तीन जॉब कार्डांवर तो तीन वेगवेगळ्या नावांनी लिहिला गेलाय.

टाकीच्या झाकणाभोवती खोलगट वाटी आहे. तिच्यात पडलेलं पाणी बाहेर जावं म्हणून एक बारीक भोक आहे. तिथून टाकीच्या पोटातून नळी खाली जाते, तिला रबरी पाइप जोडलेला असतो आणि त्याचं तोंड इंजिनामागे मोकळं सोडलेलं असतं. हा पाइप चेपला किंवा तांबड्या मातीने तुंबला, की वाटीत पाणी साठतं, झाकणाच्या रबरावर चढतं आणि रात्रभर थेंबाथेंबाने आत उतरतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, त्यामुळे सुरुवातीला काहीच कळत नाही. मर्यादा संपली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात. इंजिनाला पेट्रोल देणारा पंपही टाकीच्या तळालाच. मग काटा अर्धी टाकी दाखवत असतो आणि गाडी आरे-वारेच्या चढावर गचके खाऊन बंद.

पाइप चेपला कुठे, तर तुमच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये. पहिल्या सर्व्हिसला टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट, तपासायला टाकी उतरवली होती, तशी जॉब कार्डावर नोंद आहे. परत बसवताना पाइप टाकी आणि फ्रेम यांच्या मध्ये अडकला. त्यात तुमची कारागिरी अशी, की पाण्याचा पाइप आणि टाकीच्या हवेचा, कॅनिस्टरकडे (पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे) जाणारा पाइप एकाच जाडीचे, एकाच काळ्या रंगाचे. एकाला खूण म्हणून पांढरी पट्टी मारायला किती खर्च येतो? उद्या कोणी अदलाबदल केली तर पावसाचं पाणी थेट कॅनिस्टरमधल्या कोळशात जाईल, मग तुम्ही त्याचंही बिल लावाल.

हे ओळखायला लॅपटॉप लागत नाही. झाकण बंद ठेवून वाटीत चहाच्या ग्लासातून पाणी ओतायचं आणि खाली बघायचं. पाइप मोकळा असेल तर क्षणात इंजिनामागे धार लागते. तुमच्या सुपरवायझरसमोर हे केलं. धार नाही, थेंबसुद्धा नाही. पाणी वाटीत तसंच उभं, वरच्या ट्यूबलाइटसकट. सुपरवायझरने ते फडक्याने टिपलं आणि कार्डावर लिहिलं : ‘भेसळयुक्त इंधन.’

त्याआधीच्या दोन खेपांना ‘प्लग खराब’ आणि ‘थ्रॉटल बॉडी साफ केली’. तीन बिलं मिळून ७,३४० रुपये. इंधनातल्या भेसळीला वॉरंटी नाही, हे पुस्तिकेतलं वाक्य मात्र तिन्ही वेळा न चुकता वाचून दाखवलं.

भेसळ असती तर पेट्रोल भरल्यावर त्रास झाला असता. इथे त्रास होतो तो रात्रभर पाऊस लागल्यावर किंवा गाडी धुतल्यावर. त्याच पंपावरून त्याच दिवशी भरलेली घरची स्कूटर बिनतक्रार चालते. टाकीच्या तळातून काढलेला नमुना काचेच्या बाटलीत ठेवलाय : वर पेट्रोल, खाली दोन बोटं गढूळ थर, त्याच्या बुडाला गंजाची तपकिरी पूड. म्हणजे टाकी आतून गंजायला लागली आहे आणि ती पूड पंपाच्या जाळीत जाऊन बसणार आहे.

आता कालचा फोन. संभाषण रेकॉर्ड होतं म्हणता, तर काढून ऐका.

“सर, गाडी कुठे पार्क करता?”
“घरी पडवीत, कामावर उघड्यावर.”
“तेच कारण आहे सर. रेनी सीझनमध्ये एक्स्पोजर झालं.”
“मोटरसायकल आहे ती.”
“हो सर, पण ही लाइफस्टाइल सेगमेंटची आहे. पावसात कव्हर घालत जा.”
“चालवतानाही?”

यावर बासरी. मग ‘सीनियर’ आले. त्यांनी पाइपबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं काय, तर “सर, आपलं वय?” चोपन्न सांगितलं. तर म्हणाले, “या वयात जड गाडी सांभाळायला त्रास होतोच सर. आमच्या नव्या स्कूटरवर एक्स्चेंज बोनस आहे, लिंक पाठवू का?”

पाण्याची तक्रार, आणि उत्तर वयाचं. गाडी विकताना हेच वय चालत होतं. तुमच्या माहितीपत्रकावर पिकल्या दाढीचा माणूस याच गाडीवरून समुद्राच्या कडेने चाललाय. पन्नाशीतल्या हौशीवरच तर हा सगळा धंदा उभा आहे. ताठ बसून चालवता येणारी, कंबर न मोडणारी, ५०-६०च्या वेगात गंभीर आवाज करत जाणारी गाडी म्हणून लोक ती घेतात. त्या बाबतीत खोट काढायला जागा नाही, म्हणूनच चीड जास्त येते.

आणि जुनं रूप दिलंत, पण जुनी सोय काढून घेतलीत. पूर्वीच्या गाड्यांना पेट्रोल कॉक असायचा. त्याच्या खालची वाटी पान्ह्याने सोडवली, पाणी ओतलं, कार्ब्युरेटरचा स्क्रू ढिला करून निथळवलं, की रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत गाडी चालू. आता ना कॉक, ना किक. १९५ किलोचं धूड ढकलत न्यायचं, आंबा घाटात असाल तर साखरप्याहून टेम्पो येईपर्यंत पागोळ्यांखाली उभं राहायचं.

स्पोकच्या निपलांवरच्या गंजाबद्दल बोलत नाही. खारं वारं आहे. गोड्या पाण्याने धुऊन तेलाचा हात फिरवावा लागतो, ते इथे सगळेच करतात. टाकीत पाणी मात्र खाऱ्या वाऱ्याने भरत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शोरूम उघडताना ते ठाऊक नव्हतं का? की आता गाडीसाठी इरलं शिवून घेऊ?

हवंय ते एवढं. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करून वाळवा. आतून कॅमेऱ्याने बघा. गंज असेल तर टाकी बदला, रसायन लावून झाकू नका. पंपाची जाळी आणि फिल्टर नवे टाका. दोन्ही पाइप योग्य मार्गाने बसवून पाण्याची चाचणी ग्राहकासमोर करा. ७,३४० रुपये परत करा. आणि वयाची चौकशी करणाऱ्या त्या सीनियरकडून लेखी माफी.

१५ दिवस वाट बघतोय. त्यानंतर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. २०१९च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे तुमच्या विधी विभागाला विचारून घ्या. गाऱ्हाणं घालायची कोकणी माणसाला सवय आहे, ते ऐकून घेणारा तेवढा बदलेल.

आपला,
(अजून तरी) ग्राहक
रत्नागिरी

सोबत : तीन जॉब कार्डं व बिलं, चेपलेल्या पाइपचे फोटो. बाटली पाठवत नाही, बघायला माणूस पाठवा.

ता. क. : येणाऱ्याकडे पंपाच्या बुडाचं रबरी सील नवं द्या. गेल्या खेपेला जुनंच परत बसवलं आणि दोन दिवस पेट्रोल गरम इंजिनावर पाझरत होतं.